टाकीत थर्मामीटर कुठाय?

हायड्रोपोनिक्सच्या कुठल्याही शेडमध्ये जा, टाकीशेजारी दोन मीटर हमखास लटकलेले असतात. एक ईसीचा, पाण्यात खत किती विरघळलंय ते सांगणारा. दुसरा पीएचचा. मालक दोन्हींचे आकडे तोंडपाठ सांगतो, वहीतल्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदीही दाखवतो. पाणी किती अंशांवर आहे असं विचारलं, की मात्र तो टाकीत बोट बुडवतो आणि म्हणतो, "कोमट आहे." हे कोमट अठ्ठावीस असेल तर पीक कसंबसं तरून जातं. चौतीस असेल तर आठवड्याभरात लेट्यूस उपटून उकिरड्यावर टाकायची वेळ येते.

मी शेतकी पदवीधर नाही. माझा धंदा रेफ्रिजरेशनचा. संगमनेरच्या पट्ट्यात गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरचे बल्क कूलर दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गॅस भर, कॉम्प्रेसर बदल, रात्री-अपरात्री फोन आला की पाना-पकड घेऊन निघ. धार काढलेलं दूध केंद्रावर येतं तेव्हा पस्तीसच्या आसपास असतं आणि ते काही तासांत चार अंशांवर उतरलं पाहिजे, हे डेअरीच्या शिपायालाही ठाऊक असतं. कूलर नाही तर केंद्र नाही, इतकं ते सरळ आहे. अलीकडे मला हायड्रोपोनिक्सवाल्यांचेही फोन येऊ लागले आणि चक्रावून जायला झालं. साठ-सत्तर लाखांची शेड उभी आहे, आतला सगळा कारभार पाण्यावर चाललाय आणि पाणी गार ठेवायचा खर्च कागदावर कुठे धरलेलाच नाही.

फोन होळीच्या सुमारास सुरू होतात. "काका, चिलर बसवायचाय. किती टनाचा लागेल?" पलीकडे बहुतेक वेळा नोकरी सोडून गावी आलेला हुशार, मेहनती मुलगा असतो, पोटतिडकीने बोलत असतो. मी जाऊन बघेपर्यंत रोपांनी माना टाकलेल्या असतात.

अशा शेडमध्ये मी सगळ्यात आधी नेट पॉट उचलून खालची मुळं बघतो. निरोगी मूळ पांढरं, ताठ, बारीक केसाळ असतं. बिघडलेलं मूळ चहाच्या रंगाचं आणि बुळबुळीत होतं. ते चिमटीत धरून हलकेच ओढलं की वरची साल म्यानासारखी सुटून बोटात येते आणि आतला बारीक तंतू तेवढा झाडाला लटकत राहतो. कुजकट वास येतो. हे पिथियम. हिरवं पान वर अजून बरं दिसत असतं, फक्त दुपारी बारानंतर सुकतं आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहतं. खाली पाणी वाहतंय आणि वर झाड सुकतंय, हे मालकाला पटत नाही. त्याला वाटतं खत कमी पडलं, म्हणून तो डोस वाढवतो. खरं तर उन्हात झाड खतापेक्षा पाणी जास्त ओढतं, त्यामुळे टाकीतला ईसी आपसूकच चढत असतो. त्यात आणखी खत पडलं की उरलीसुरली मुळंही भाजतात.

पिथियम आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. साताऱ्याकडे किंवा खुलताबाद-कन्नडकडे आलं लावणाऱ्याला विचारा. पावसाळ्यात कंदकुज होऊन वाफेच्या वाफे बसतात, त्यामागे मुख्यतः हीच असते. टोमॅटोच्या रोपवाटिकेत रोपं कोलमडतात, त्यातही हिचा हात असतो. लोक तिला बुरशी म्हणतात, पण शास्त्राच्या वर्गवारीत ती खऱ्या बुरशीत बसत नाही. तिचे बीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहतात. आल्याच्या शेतात पाणी साचलं तरच त्यांना पोहायला वाट मिळते, म्हणून शेतकरी गादीवाफे करतो, चर काढतो, वाफसा सांभाळतो. हायड्रोपोनिक्समध्ये तर आपण त्यांच्यासाठी बंद कालवाच बांधून देतो. एका झाडाचं पाणी दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला आणि सगळ्यांचं परत टाकीत. त्यात पिथियम ॲफॅनिडर्मेटम ही जात गरम पाण्याची भोक्ती. तिशीच्या पुढे पाणी गेलं की मूळ दमतं आणि ही बया जोमात येते.

यावर विक्रेत्यांचं ठरलेलं उत्तर असतं: एअर पंप लावा, बुडबुडे सोडा. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. समुद्रसपाटीला 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना 7.5 आणि 35 ला सातच्याही खाली. बुडबुडे कितीही सोडले तरी साध्या हवेतून पाण्यात याहून जास्त ऑक्सिजन विरघळत नाही. उलट तापमान दहा अंशांनी वाढलं की मुळाची ऑक्सिजनची भूक जवळपास दुप्पट होते. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. शिवाय पत्र्याच्या खोलीत ठेवलेला एअर पंप चाळीस अंशांची हवा ओढून टाकीतच सोडत असतो, ते वेगळंच.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने 1996 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाणी 24 अंशांवर ठेवून त्यांनी लेट्यूसच्या वेगवेगळ्या हौदांत ऑक्सिजन कमी-जास्त केला. अगदी लिटरमागे 2.1 मिलिग्रॅमपर्यंत उतरवला, तरी वाढीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दोन वर्षांनी त्याच विद्यापीठातल्या मंडळींनी हवा आणि पाणी यांचं तापमान वेगवेगळं बदलून पाहिलं. हवा 31 अंशांवर असतानाही मुळांखालचं पाणी 24 वर धरलं, तर लेट्यूसचा गड्डा विकण्याजोगा आला. मला यातून एवढंच कळतं, की पाणी गार असेल तर बाकीच्या बऱ्याच चुका पोटात घातल्या जातात.

आपल्यासारख्या उकाड्याच्या मुलखाला सिंगापूरचं उदाहरण जास्त जवळचं. तिथे ली सिंग काँग यांनी नव्वदच्या दशकात मुळांवर गार पाण्याचा फवारा मारून थंड हवेचं लेट्यूस उघड्या शेडमध्ये पिकवून दाखवलं. हवा दिवसा अडतीसपर्यंत चढायची, मुळं मात्र विशीत. त्यांनी सगळी शेड गार करायच्या भानगडीत न पडता फक्त मुळांपुरता गारवा केला.

हे अगदी हिशेबाचं आहे. भर दुपारी चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॉट ऊन पडतं. दहा गुंठे म्हणजे हजारेक चौरस मीटर, म्हणजे हजार किलोवॉट. एक टनाचं मशीन साडेतीन किलोवॉट उष्णता ओढतं. त्या भावाने निव्वळ उन्हाला तोंड द्यायला 285 टन लागतील. शेडनेट टाकून निम्मे करा, तरी ते आपल्या ताकदीबाहेरचं. पाण्याचं गणित मात्र आवाक्यातलं आहे. बाहेरची उष्णता आत येऊ दिली नाही, तर तेच एक टनाचं मशीन हजार लिटर पाणी तासाला तीन अंशांनी उतरवतं आणि त्याला साधारण सव्वा युनिट वीज लागते.

बर्फाच्या लाद्या टाकणारेही भेटतात. हजार लिटर पाणी दहा अंशांनी उतरवायला जवळजवळ शंभर किलो बर्फ लागतो आणि संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा होतं तिथेच येतं. लग्नाच्या मांडवात ते ठीक आहे.

पण 'बाहेरची उष्णता आत येऊ दिली नाही तर' या अटीतच सगळी मेख आहे. आपल्याकडे सगळ्यांना एनएफटी हवी असते. लांबच लांब पांढरे पाइप, त्यातून दोन-तीन मिलिमीटर पाण्याचा पातळ थर, दिसायला झकास, फोटोत तर त्याहून झकास. इंग्लंडमध्ये लिटलहॅम्प्टनच्या संशोधन केंद्रात ॲलन कूपर यांनी ही पद्धत बसवली, तेव्हा काचगृह गरम कसं ठेवायचं ही त्यांच्या मुलखाची काळजी होती. तेच पाइप एप्रिलमध्ये कोपरगावला लावले की ते गच्चीवरच्या सोलर हीटरचं काम करतात. पाण्याचा थर पातळ, पृष्ठभाग मोठा आणि भोवती चाळीस अंशांची हवा. चिलरने टाकीत बाविसाचं पाणी दिलं, तरी लाइनच्या टोकाला ते एकोणतीस होऊन बाहेर पडताना मी मोजलंय. त्या टोकाची रोपं आधी जातात. मालक समजतो बियाणं खराब निघालं.

म्हणून माझं मत, आणि हे मी शेड विकणाऱ्यांच्या तोंडावर सांगत आलोय: घाटावरच्या उन्हाळ्यात एनएफटीपेक्षा हौद बरा. वीतभर खोल पाणी, वर थर्माकोलची शीट, शीटच्या भोकांत रोपं. कॉर्नेलवालेही हौदच वापरत होते. इतकं पाणी तापायलाच दिवस जातो, वरून थर्माकोल ऊन अडवतं आणि वीज गेली तर पीक तासाभरात आडवं होत नाही. एनएफटीत मे महिन्याच्या दुपारी मोटर तासभर बंद पडली की पाइप कोरडे आणि मुळं वाळलेली. ज्या फीडरवर वीज कधी येईल आणि कधी जाईल हे वायरमनलाही सांगता येत नाही, तिथे सगळं पीक एका मोटरच्या भरवशावर टांगायचं म्हणजे जुगार झाला. हौदाला पाणी आणि खत सुरुवातीला जास्त लागतं, हे कबूल. फोटोही तितका चांगला येत नाही.

दुसरी गोष्ट तांब्याची. एकाने गॅरेजवाल्या मित्राच्या सल्ल्याने जुन्या एसीची तांब्याची कॉइल सोडवून थेट टाकीत बुडवली होती. पाणी सुरेख गार झालं. पण खताचं पाणी आम्लधर्मी, पीएच सहाच्या खाली. त्यात तांबं झिजून उतरतं आणि झाडाला तांबं लागतं ते अगदी नखाएवढं, त्यापुढे ते मुळांना विषच. थोड्याच दिवसांत मुळांची टोकं आखडली, वाढ थांबली. कॉइल उत्तम प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची किंवा टायटॅनियमचीच हवी. महाग पडते. पण गॅरेजवाल्या मित्राचा सल्ला त्याहून महाग पडतो.

महागड्या यंत्राशिवायही पुष्कळ करता येतं, आणि ते मी अकोल्याच्या वाटेवर (अकोले तालुका, विदर्भातलं अकोला नव्हे) दोन भावांच्या शेडमध्ये जवळून पाहिलंय. त्यांची काळी प्लास्टिकची टाकी शेडबाहेर ओट्यावर उन्हात उभी होती. ती काढून त्यांनी शेडच्या उत्तरेला खड्डा घेतला, आत सिमेंटची टाकी बांधली, भोवती थर्माकोल लावून माती लोटली, वर जाड झाकण. परतीचा पाइप फूटभर जमिनीखालून नेला. पाण्यात बुडालेली मोटर काढून बाहेर कोरड्यावर बसवली, कारण बुडालेल्या मोटरची सगळी उष्णता पाण्यातच उतरते. एवढ्यानेच दुपारचं पाणी तीन-चार अंशांनी खाली आलं. थोरला भाऊ म्हणाला, "दादा, ह्यात तुमची मशीन कुठंय?" मी म्हटलं, मशीन आता छोटी लागेल.

तीही शेवटी कॉम्प्रेसरवाली लावली नाही. डेझर्ट कूलरचा पंखा आणि पॅड घेऊन आम्ही एक लहानसा कूलिंग टॉवर केला. साधं पाणी पॅडवरून खाली पडतं, पंख्याच्या वाऱ्याने थोडं उडून जातं आणि बाकीचं गार होतं. ते गार पाणी टाकीतल्या स्टीलच्या कॉइलमधून फिरतं. खताच्या पाण्याला हवा लागत नाही, म्हणून त्याचा ईसी बदलत नाही. एक लिटर पाणी वाफ झालं की साधारण 58 लिटर पाण्यातले दहा अंश घेऊन जातं. माठाचं तंत्र तेच. एप्रिलच्या दुपारी हवा 38 अंशांवर आणि आर्द्रता वीस टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा थर्मामीटर 21 च्या जवळपास उतरतो. त्याच्या तीन-चार अंश वर पाणी सहज मिळतं. पंखा आणि छोटा पंप एवढीच वीज. नागपूर-चंद्रपूरकडे, जिथे घरोघरी कूलर चालतात, तिथे याहून सोयीचं काही नाही.

हेच मी रत्नागिरीत कुणाला सांगणार नाही. तिथे 33 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असली की ओलं फडकंही 27-28 च्या खाली जात नाही. कोकणात आणि गोव्यात कॉम्प्रेसरला पर्याय नाही, आणि त्या विजेचा खर्च लेट्यूसच्या भावात बसतो का, हे पाइप विकत घेण्याआधी बघायचं. म्हणजे पुण्याला चालली ती शेड दापोलीला चालेलच असं नाही. विक्रेत्याचं माहितीपत्रक मात्र दोन्हीकडे एकच असतं.

बाहेरून आणलेलं तंत्र नवीन हवेत नव्याने मांडावं लागतं, हे आपल्या देशात कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही. शोल्टो डग्लस यांनी 1946 साली कालिम्पाँगला बिनमातीच्या शेतीचे प्रयोग सुरू केले, तेव्हा पंप आणि पाइप बाजूला ठेवून खडी-वाळूच्या हौद्या केल्या. गरिबाला परवडेल असं काहीतरी त्यांना हवं होतं. आज आपण उलट दिशेने निघालोय.

प्रशिक्षण वर्गांना मी मेकॅनिक म्हणून जाऊन बसलोय. खताची ए टाकी, बी टाकी, रोपांचं अंतर, हॉटेलवाल्यांशी करार, एकरी उत्पन्नाची तुलना, सगळं असतं. पाण्याच्या तापमानावर एखादी स्लाइड, तीही 'अठरा ते बावीस अंश ठेवावे' एवढीच. ठेवायचं कसं, कोणी, किती रुपयांत, यावर सगळे गप्प. प्रकल्प अहवालात पंपाची वीज असते, गारव्याची नसते. अनुदान देणाऱ्यांनी आणि बँकांनी तिथेच हात घालावा असं मला वाटतं. अहवालात दोन आकडे सक्तीचे करा: मे महिन्यात दुपारी चार वाजता टाकीचं पाणी किती अंशांवर असेल आणि ते चोविसावर आणायला महिन्याला किती युनिट लागतील. ज्याला हे लिहिता येत नाही, त्याने अजून शेड बांधू नये. हे आकडे काढायला तज्ज्ञही लागत नाही. जागेवर दोनशे लिटरचा ड्रम, छोटी मोटर, पाइपचा एक तुकडा आणि शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घेऊन उन्हाळ्यात आठवडाभर पाणी फिरवून बघा. पाणी दुपारी चार-पाचला सगळ्यात गरम असतं, सकाळी अकराला मोजून समाधान मानू नका.

पिकाचंही तसंच. गरम पाण्यात लेट्यूस वाचवण्यासाठी इतकी उठाठेव करण्यापेक्षा गरम पाण्याचं पीक घ्यावं असं मी सुचवतो, तेव्हा लोक हसतात. नाळीची भाजी मुळात डबक्याकाठची. तिचा देठ पोकळ, त्यातून हवा खेळते, आणि उकाडा तिला मानवतो. मायाळू आहे, राजगिरा आहे. तुळशीच्या जातीतलं बेझिल तर हॉटेलवालेही घेतात आणि ते लेट्यूसपेक्षा बरीच ऊब सोसतं. अडचण भावाची आहे, हे मलाही कळतं. नाळीची भाजी लेट्यूसच्या दराने कोण घेणार? संगमनेरच्या बाजारात तर कोणी फुकट दिली तरी आधी चार वेळा उलटसुलट करून बघतील.

त्या दोघा भावांनी मग मधला मार्ग काढला. लेट्यूस सप्टेंबर ते मार्च. एप्रिलमध्ये थोडं बेझिल. मे महिन्यात शेड रिकामी. चॅनल सोडवतात, आतलं शेवाळ ब्रशने घासतात, ब्लीचच्या पाण्याने धुतात आणि उन्हात पालथे घालतात; मुळांचे तुकडे कुठे अडकून राहिले तर पुढच्या हंगामाला पिथियम तिथूनच निघतं. पाऊस पडून हवा उतरली की पुन्हा रोपं. बँकेच्या अहवालात बाराही महिने पीक धरलेलं होतं आणि हप्तेही त्याच हिशेबाने पाडले होते. पहिल्या उन्हाळ्यानंतर दोघे शाखेत जाऊन बसले, टाकीच्या तापमानाची वही साहेबांपुढे ठेवली आणि हप्ते नऊ महिन्यांवर फिरवून घेतले. त्याला बरेच हेलपाटे पडले. नवीन शेड घालणाऱ्याने ही मागणी कर्जाच्या पहिल्या कागदावरच करावी, कारण एकदा पैसे उचलल्यावर साहेब इतकं ऐकून घेतीलच असं नाही.